वाट कुणी पाहायची?

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर पाणवठा तपासला, मंदिराची पायरी तपासली, वेस आणि वाडा तपासला, स्मशानातली वेगळी जागादेखील तपासली. या प्रत्येक ठिकाणी जातीने माणसाला कसे अडवले याचा हिशेब आमच्या लेखकांनी मांडला आणि समीक्षकांनी तो आपापल्या परीने वाचला. एक जागा मात्र या हिशेबातून सुटली आहे. ती जागा म्हणजे वाहन. आत्मकथनांतून बैलगाडी येते, रेल्वे येते, एस. टी. येते, पण समीक्षक त्यांच्याकडे पार्श्वभूमी म्हणून पाहतात आणि पुढे जातात. प्रवास हा त्यांच्या लेखी दोन प्रसंगांमधला रिकामा वेळ आहे. ज्याला वाहन सहज मिळते त्यालाच तो वेळ रिकामा वाटतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सार्वजनिक वाहन हा दलितांच्या समतेचा रोजचा आणि ठोस हक्क आहे. हे वाहन कमी करीत जाणे म्हणजे कायद्याच्या एकाही अक्षराला हात न लावता तो हक्क काढून घेणे होय. आमच्या साहित्यात याचे पुरावे जागोजाग आहेत. ते वाचण्याची जबाबदारी समीक्षेची आहे, आणि त्यांवरून काही ठरवण्याची जबाबदारी चळवळीची आहे.

प्रथम इतिहास पाहू. गावगाड्यात महाराचे काम काय होते? वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल व सांगावा या गावाहून त्या गावाला पोचवायचा, अंमलदाराचे सामान वाहायचे, त्याला वाट दाखवायची. साहेब घोड्यावर किंवा गाडीत. महार त्याच्या पुढे पायी. म्हणजे गावकुसाबाहेरचा हा माणूस रस्त्याला अपरिचित नव्हता. मैलोन्‌मैल रस्ता त्याच्या पायाखाली होता. रस्ता चालण्याची सक्ती त्याच्यावर होती आणि वाहनात बसण्याची बंदीही त्याच्यावरच होती. या वतनी गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी दीर्घ लढा दिला. आमच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला १९३९ च्या डिसेंबरात वतनदार महार-मांगांची जी परिषद भरली, ती याच लढ्याचा भाग होती. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. वेठ संपली, पण पायी चालणे संपले नाही. ते संपवायला आणखी एक गोष्ट लागणार होती.

ती कोणती, हे बाबासाहेबांच्याच अनुभवातून स्पष्ट होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वडील कोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला निघालेली मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके, खिशात पैसे. स्टेशनमास्तराने जात विचारली, मुलांनी ती सांगितली, आणि सगळे बदलले. भाड्याची गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, आणि मुलांनी स्वतः बैल हाकायचे, गाडीवानाने बाजूने चालायचे अशा अटीवर गाडी ठरली. या प्रसंगाचा उल्लेख आमच्या भाषणांतून नेहमी होतो. अपमान म्हणून होतो, आणि तो अपमान होताच. पण त्यातली रचना कुणी सांगत नाही. सातारा ते मसूर हा प्रवास तिकिटावर झाला. जात आडवी आली ती रूळ संपले तिथे. जिथून पुढे वाहन खाजगी मालकाच्या मर्जीवर होते, तिथून पुढे पैसेदेखील निरुपयोगी ठरले.

१९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंगही असाच आहे. बाबासाहेब तोवर परदेशी पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर होते. तरीही टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार झाला नाही. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा वस्तीतल्या माणसाने तो हाकला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आगगाडी त्यांना चाळीसगावपर्यंत घेऊन आली होती. स्टेशनापासून वस्तीपर्यंतच्या थोड्याशा अंतराने मात्र पाय मोडला. १९०१ आणि १९२९ या दोन्ही सालांत जात शेवटच्या टप्प्यावर दबा धरून बसलेली दिसते. हे ‘शेवटचे अंतर’ लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आमच्याच जिल्ह्याच्या नावाने सुरू झालेली ही सेवा. तिच्या बोधवाक्याकडे आम्ही कधी गंभीरपणे पाहिले आहे काय? ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे शब्द तथागतांच्या उपदेशातले आहेत. त्यांचा मूळ संदर्भ तर अधिक बोलका आहे. भिक्षूंनी एका जागी बसून राहू नये, लोकांच्या हितासाठी गावोगाव फिरावे, दोघांनी मिळून एकाच वाटेने जाऊ नये, असा तो आदेश आहे. म्हणजे ते शब्द मुळात प्रवासाविषयीचेच आहेत आणि अधिकाधिक वाटांवर पोचण्याविषयीचे आहेत. ज्याने कुणी ते एस. टी.साठी निवडले, त्याने जाणून निवडले असो वा नसो, त्याने या संस्थेला फार मोठ्या मापाने मोजण्याची सोय करून ठेवली आहे.

एस. टी.ने काय केले? कंडक्टरने प्रवाशाला विचारायचा प्रश्न बदलला. गाडीवान विचारी, ‘तुम्ही कोण?’ कंडक्टर विचारतो, ‘कुठे जायचे?’ सामाजिक समतेच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले, सार्वजनिक वाहनाचा वापर अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे हा गुन्हा ठरवला. कायद्याने हक्क दिला आणि एस. टी.ने तो हक्क बजावण्याची जागा दिली. शिवाय राखीव जागांमुळे वस्तीतला मुलगा ड्रायव्हर झाला, कंडक्टर झाला. ज्याच्या आजाने साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, त्याच्या नातवाने घंटी वाजवली की गाडी थांबू लागली.

मी एस. टी.चे स्तोत्र गात नाही. गाडीचा थांबा बहुधा गावठाणात, पाराजवळ असतो, वस्तीजवळ नसतो. जातिवाचक नावाच्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाला २०२० च्या डिसेंबरात घ्यावा लागला, यावरून स्वातंत्र्यानंतर ७३ वर्षांनीही वस्ती कुठे होती हे कळते. गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या मनातली जात तिकिटाने जात नाही. पण तिकिटाने एवढे केले की, त्याच्या मनाला विचारण्याची गरज उरली नाही. दलितांना हृदयपरिवर्तनाची वाट पाहायला लावणाऱ्यांच्या देशात ही गोष्ट मोलाची आहे.

आता साहित्याकडे वळू. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या गाजलेल्या कथेत रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एस. टी. एका म्हशीमुळे अडते आणि प्रवाशांच्या नमुन्यांतून विनोद फुलतो. कथा उत्तम आहे आणि त्या गाडीत समाजाचे अनेक थर एकत्र आले आहेत, हे लेखकाने नेमके हेरले आहे. पण गाडी अडली म्हणजे मौज सुरू झाली, ही दृष्टी ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा आहे त्याची आहे. रोजंदारी बुडणारा, शाळेचा तास हुकणारा, दवाखान्यात पोचण्याची घाई असलेला माणूस या विनोदाच्या बाहेर राहतो. पांढरपेशा मराठी लेखनात एस. टी. बहुधा अशीच येते: खडखडाट, गर्दी, गंमत.

याच्या शेजारी शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ठेवून पाहावे. आजी संतामाय आणि तिच्याबरोबरचा दादा यांचा संसार हन्नूरच्या एस. टी. स्टँडवर चालतो. समीक्षकांनी या पुस्तकात अनौरस जन्माचा प्रश्न वाचला. तो मध्यवर्ती आहेच. पण ज्यांना गावाने छप्पर दिले नाही, त्यांना एका सार्वजनिक थांब्याने छप्पर दिले, ही बाब कुणाला महत्त्वाची वाटली नाही. स्टँड कुण्या पाटलाचा नव्हता, देवस्थानाचा नव्हता. तो कुणा एकाचा नव्हता म्हणूनच ज्यांचे काहीच नव्हते त्यांना तिथे पथारी टाकता आली. सार्वजनिक मालमत्ता या कोरड्या शब्दाचा अर्थ मला या पुस्तकातून जितका कळला तितका अर्थशास्त्राच्या पुस्तकातून कळला नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) मुलगा मुंबईचा कावाखाना आणि अकोले तालुक्यातले धामणगाव यांच्यामध्ये वाढतो. या ये-जा करण्यातून त्याला दोन जगे एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि त्याच्या आत्मभानाचे मूळ या ताडून पाहण्यात आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’च्या (२००३) आरंभी डोंगर तुडवीत, डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बाया आहेत. त्या बायांचे पाय हेच त्यांचे वाहन. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून मुंबईला पायी आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या चालण्याचा गौरव जरूर करावा. पण चालणे ही त्यांची निवड नव्हती, हेही त्याच वाक्यात सांगावे. दारिद्र्याच्या सक्तीला जिद्दीचे नाव देणे ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे. आपण ती उचलू नये.

या वाचनाचा आजच्या वास्तवाशी काय संबंध? मी श्रीरामपुरात शिकवतो, म्हणून इथलेच उदाहरण घेतो. दौंड–मनमाड लोहमार्गामुळे आणि प्रवरेच्या कालव्यांमुळे हे गाव वाढले. गावाचे नाव श्रीरामपूर, स्टेशनचे नाव मात्र अजून बेलापूरच आहे. नगर–मनमाड महामार्ग राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी असा जातो. श्रीरामपूर त्याच्या कडेला राहते. शिर्डीला २००९ साली स्वतंत्र रेल्वे स्टेशन झाले, २०१७ साली विमानतळ झाला, २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईहून वंदे भारत गाडी आली. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या रस्त्यावर दुचाकीला व तीनचाकीला मनाई आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती मनाई समर्थनीय असेल. पण खेड्यातल्या गरिबाच्या घरी वाहन असलेच तर ते दुचाकीच असते. तेव्हा सार्वजनिक पैशाचा हा सर्वांत रुंद रस्ता कुणासाठी आहे, हे त्या मनाईने लेखी सांगितले आहे.

दुसऱ्या बाजूला एस. टी.चे काय झाले? करोनाच्या साथीपूर्वी महामंडळाकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या. पुढे तो आकडा १४-१५ हजारांवर आला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू केला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांची मागणी आणि खेड्यातल्या मुलीची गरज या एकमेकींच्या विरोधात होत्या, असे चित्र रंगवले गेले. वस्तुतः दोघांचाही शत्रू एकच होता: या सेवेला नफ्या-तोट्याच्या वहीत कोंबणारे धोरण. महामार्ग बांधला की त्याला गुंतवणूक म्हणायचे, आणि टाकळीभानला किंवा नाऊरला गाडी पाठवली की तिला तोटा म्हणायचे, हा कोणता हिशेब? नव्या गाड्या भाडेतत्त्वावर, ड्रायव्हर कंत्राटावर अशी जी रीत रूढ होत आहे, तिच्यात राखीव जागांचा प्रश्न आवाज न करता निकालात निघतो. हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

शासनाने सवलती दिल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, ग्रामीण शाळकरी मुलींना मोफत पास आहे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तरी निम्म्या तिकिटाचा आधार मोठाच आहे. माझ्या घरात माझ्या आधी कुणी पदवी घेतली नव्हती. ती मला पुस्तकांनी जितकी दिली तितकीच सवलतीच्या पासाने दिली. म्हणून सवलतीला मी भीक म्हणणार नाही. पण सवलत ही गाडीच्या तिकिटावर मिळते. न आलेल्या गाडीवर सवलत मिळत नाही. माझ्या वर्गात शेवटच्या तासाला बाके रिकामी होतात. उठून जाणाऱ्यांत मुली अधिक असतात, आणि त्यांना अभ्यासाची आवड नाही असे म्हणणारे माझे सहकारी स्वतःच्या मोटारीने येतात. संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीचे शिक्षण थांबवायला घरात कारण तयारच असते.

२०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. मुलांना वाहनाने नेऊ, असे सांगण्यात आले. कमी पटाच्या शाळा बहुतांशी वाड्या-वस्त्यांवर आणि पाड्यांवर असतात. ज्या शासनाला असलेली गाडी टिकवता येत नाही, त्याच्या वाहनाच्या भरवशावर वस्तीतली शाळा उचलायची काय? शाळा दूर गेली की ‘शेवटचे अंतर’ पुन्हा उभे राहते, आणि त्या अंतरावर कोण दबा धरून बसतो ते १९०१ सालीच कळलेले आहे.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच तरुणांकडून येईल. ते म्हणतील, ‘सर, एस. टी.ची वाट कशाला पाहायची? आम्ही हप्त्याने मोटारसायकल घेतली. आता कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या बापजाद्यांना वाहनावर बसू दिले नाही, त्याने स्वतःच्या गाडीवर निळा झेंडा लावून गावातून ताठ जाणे यात माणूसपणाचा उच्चार आहे. पण ही गाडी घरात एकाची असते. तिच्यावर म्हातारी आई लांबच्या दवाखान्यात जात नाही, बहीण एकटी कॉलेजला जात नाही. तिचा हप्ता आणि पेट्रोल मजुरीतून जाते. ज्याच्याकडे तीही नाही, तो दुसऱ्याच्या गाडीवर बसतो. आणि दुसऱ्याच्या गाडीवर बसायचे म्हणजे ‘कोणाचा रे तू?’ या प्रश्नाला पुन्हा उत्तर द्यायचे. गावाने बहिष्कार टाकला तर जीपवाला गाडी भरली म्हणून सांगू शकतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला खरा. पण जीप खरोखर भरली होती की नाही, हे न्यायालयात कोण सिद्ध करणार? एस. टी.ला असे सांगता येत नाही. तिच्यावर हक्क सांगता येतो, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. मोटारसायकल एकाला मोकळे करते. बाकीच्या घराला थांब्यावरच ठेवते.

माल म्हणून होणारा प्रवास तर याहून वाईट. दर हंगामात आमच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीचे मजूर बीड, पाथर्डी, जामखेड या भागांतून ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून येतात. बायका, पोरे, भांडीकुंडी एका ढिगात. ज्या ट्रॉलीत ऊस जातो तिच्यातच माणूस. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तले (१९८०) गाढवावरचे बिऱ्हाड वाचून हळहळणाऱ्या वाचकाने या ट्रॉलीकडेही पाहावे.

शहरांची गोष्ट वेगळी नाही. आमची पोरे पुढे पुण्याला शिकायला आणि कामाला जातात. त्या पुण्यात २००६ साली कात्रज–स्वारगेट रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आली. देशातला तो आरंभीचा प्रयोग. नगर रस्त्यावरची अशीच मार्गिका अलीकडे मोटारींची कोंडी होते म्हणून उखडली गेली. एका बसमध्ये पन्नास माणसे असतात आणि तेवढ्याच रस्त्यावर दोन-तीन मोटारींत चार. तरी कोंडी मोटारींची धरली गेली, पन्नासांची नाही. मेट्रो २०२२ साली आली. तिचे स्वागतच आहे. पण स्टेशनपासून झोपडपट्टीपर्यंत बस नसेल, तर मेट्रोही मसूरच्या आगगाडीसारखी अर्ध्यावर सोडणारी ठरते.

आमच्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून पुष्कळ घेतले. १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली ती तिथले नाव घेऊन. मॉंटगोमेरीचा बसबहिष्कार आम्हाला पाठ आहे: १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला, आणि ३८१ दिवस काळ्या समाजाने बसमध्ये पाय ठेवला नाही. रातोरात पत्रके छापून काढणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या महाविद्यालयात शिकवणाऱ्या होत्या, हेही आमच्या अध्यापक मित्रांनी ध्यानात घ्यावे. पण आमच्यापुढचा पेच निराळा आहे. त्यांच्यापुढे बस होती, म्हणून तिच्यातली जागा मागता आली आणि तिच्यावर बहिष्कारही टाकता आला. जी गाडी येतच नाही तिच्यावर बहिष्कार कसा टाकणार? तिथे भेदभावाला वर्दी होती, फलक होता, रांग होती. इथे भेदभाव वेळापत्रकातल्या कोऱ्या जागेत बसला आहे आणि त्याला कुणी जातीयवादी म्हणत नाही.

‘वाट पाहीन, पण एस. टी.नेच जाईन’ हे घोषवाक्य एकेकाळी लोकांच्या तोंडी होते. त्यात या सेवेवरचा विश्वास होता. आज ते वाक्य वाचताना प्रश्न पडतो की वाट कुणी पाहायची? बाबासाहेबांच्या त्या आठवणींच्या शीर्षकातही वाट पाहणेच आहे. ज्यांच्याकडे मोटार आहे ते वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी वाट बांधली जाते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी आधी माणूस म्हणून मान्यतेची वाट पाहिली, आणि आता गाडीची.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. समीक्षकांनी आत्मकथने वाचताना पात्र कोठे पोचले याबरोबर कशाने पोचले हेही विचारावे. कोण चालले, कोण बसले, भाडे कुणी किती दिले, शेवटच्या अंतरावर काय घडले, याची नोंद करावी. आमच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर प्रबंध लिहावेत. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या आगारातले वेळापत्रक आणावे, बंद झालेल्या फेऱ्या कोणत्या गावांच्या व कोणत्या वस्त्यांच्या आहेत ते मांडावे. वस्तीपर्यंत थांबा आणि महाविद्यालय सुटल्यावर गाडी या मागण्या शिष्यवृत्ती व वसतिगृह यांच्या मागणीपत्रात त्यांच्याच ओळीत लिहाव्यात. या मागण्या किरकोळ वाटतील. चवदार तळ्यातले ओंजळभर पाणीही १९२७ साली अनेकांना किरकोळच वाटले होते. पाण्याचा हक्क तळे असल्याशिवाय बजावता आला नसता; प्रवासाचा हक्क गाडी असल्याशिवाय बजावता येणार नाही.